महाडची वाट आणि तात्यांची किल्ली

मार्च महिना लागला की मुंबईतल्या आपल्या वस्त्यांतून महाडची बोलणी सुरू होतात. कोण एसटीने जाणार, कोणाचा टेम्पो ठरला, मंडळाची बस कुठून सुटणार, भाकऱ्या किती बांधायच्या. १९ मार्च १९२७ रोजी महाडला परमपूज्य बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, आपली माणसे रांगेने चवदार तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, मग सर्वांनी घेतले. त्या पाण्याला अभिवादन करायला दरवर्षी जी गर्दी लोटते, तिच्यात आमचेही घर असते.

आमची वाट ठरलेली. चेंबूरहून शीव–पनवेल रस्ता धरायचा, वाशीची खाडी ओलांडायची आणि पनवेलपुढे पळस्पे फाट्याला गोव्याच्या रस्त्याला लागायचे. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग १७ होता, आता त्याला ६६ क्रमांक आहे. मग कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका, पेण, वडखळ, नागोठणे, सुकेळी खिंड, कोलाड, इंदापूर, माणगाव, लोणेरे, दासगाव आणि महाड. ही नावे आम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचली नाहीत. तात्यांच्या तोंडून ऐकली.

तात्या म्हणजे आमच्या वडिलांचे थोरले भाऊ. १९७४ पासून २००७ पर्यंत, तेहतीस वर्षे, ते एसटीत चालक होते आणि त्यातली बरीच वर्षे याच रस्त्यावर गेली. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशांतून त्यांनी एक जुनी मारुती व्हॅन घेतली. तेव्हापासून महाडला आम्हांला तेच नेत. निघण्यापूर्वी माणसे मोजायची, चाकांना एकदा पायाने दाबून पाहायचे, दाराजवळच्या तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हात जोडायचे आणि तसबिरींखालच्या खुंटीवरची किल्ली घ्यायची. हा क्रम कधी चुकला नाही.

त्या किल्लीचे मोल बाहेरच्या माणसाला कळायचे नाही. तात्यांच्या वडिलांनी गावात महारकी केली. सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे, टपाल पायी पोहोचवायचे, रात्री-अपरात्री कोणी हाक मारली की उठायचे. १९५८ च्या कायद्याने ते वतन गेले. पुढे त्यांचाच मुलगा खाकी गणवेश घालून सरकारी गाडीच्या चाकामागे बसला. काकी सांगतात, तात्या पहिल्यांदा आमच्या गावच्या फेरीवर आले तेव्हा फाट्यावर पाटलांनी हात केला आणि तात्यांनी गाडी थांबवली. एवढेच घडले. पण ज्याला आयुष्यभर हाक मारून थांबवले त्याच्या मुलाला हात करून विनंती करावी लागली, हे आमच्या आळीत वर्षभर बोलले जात होते. अपघाताविना सेवा केल्याबद्दल मिळालेला बिल्ला तात्यांनी आजही पेटीत रुमालात गुंडाळून ठेवला आहे.

वाचकहो, अशा माणसाच्या हातून किल्ली घ्यायची वेळ आमच्यावर आली.

सुरुवात रस्त्यानेच दाखवली. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि पुढे वर्षानुवर्षे रेंगाळले. आज जिथून गेलो तिथे पुढच्या खेपेला मातीचा ढीग, जिथे ढीग होता तिथे नवा पूल. तात्यांच्या डोक्यातला रस्ता मात्र पक्का होता. अमुक वडापासून तिसरे वळण, तमुक हॉटेलासमोर खड्डा. वडखळला बाहेरून वळणरस्ता झाला तेव्हा ते चिडले, पण शिकले. नंतर नंतर शिकेनात. दोनदा अलिबागकडे वळले आणि खाऱ्या जमिनी दिसू लागल्या तरी पुढेच जात राहिले. आम्ही म्हटले, रस्ताच बदलला आहे, कोणीही चुकेल. व्हॅनच्या डाव्या बाजूला ओरखडे दिसू लागले. विचारले की म्हणत, "लावलेल्या गाडीला कोणीतरी घासलं." मग चेंबूर नाक्यावर लाल दिवा लागलेला असताना ते सरळ निघाले. नाका काही बदलला नव्हता.

कोरोनामुळे २०२० आणि २०२१ ला महाड झाले नाही. २०२२ च्या मार्चमध्ये निघालो तेव्हा तात्या चाकामागे बसले आणि आम्हांला बरे वाटले. हात, पाय, गिअर सगळे कसे जागच्या जागी. सुकेळी खिंडीत इतक्या सफाईने गाडी काढली की मागे बसलेली मुले झोपेतून उठली नाहीत. माणगावच्या कोंडीत तासभर गेला. काळ नदीचा पूल झाला, मग लोणेरे आले. तिथे १९८९ साली स्थापन झालेले बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे आणि आमच्या घरातली पहिली इंजिनिअर मुलगी तिथूनच बाहेर पडली. दासगाव आले की तात्या नेहमी सांगत, तेही त्यांनी सांगितले: डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून बोटीने निघाले ते इथल्या बंदरात उतरले, आणि इथून मंडळी महाडला गेली. पुढे डाव्या हाताला गांधारपाल्याची लेणी. डोंगराच्या पोटात सुमारे तीस लेणी आहेत, विहार आणि चैत्य, आणि समोर सावित्री–गांधारीचे पात्र. पायथ्याशी गाडी लावून आम्ही वर वंदना घेतो. त्या दिवशी तात्या थांबले नाहीत. लेणी मागे पडली. महाडचे वळण आले, तेही मागे पडले.

"तात्या, महाड गेलं," असे आम्ही म्हणालो. ते म्हणाले, "पोलादपूरची फेरी आहे."

थोड्याच वेळात सावित्री आली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात इथला ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या, चालक, वाहक, प्रवासी सगळे गेले. ती बातमी आली तेव्हा तात्या दोन दिवस जेवले नव्हते. २०१७ साली तिथे नवा पूल खुला झाला आणि त्यावरूनही ते गेले होते. त्या दिवशी त्यांनी पुलाच्या तोंडाशी, भर रस्त्यात, व्हॅन उभी केली. मागून सिमेंटचा ट्रक जोरजोराने भोंगा वाजवत होता. तात्या काचेतून बाहेर पाहत होते. "पूल कुठं गेला?" त्यांनी विचारले. गाडीत आम्ही आठ माणसे होतो, त्यांतली तीन मुले. ट्रकवाल्याने बाजूने गाडी काढली म्हणून आज हा लेख लिहीत आहोत.

घरी आल्यावर पुढच्या रविवारी सगळे बसलो. बोलणे सोपे नव्हते. तात्यांचा थोरला, आमचा दादा, म्हणाला, "तेहतीस वर्षांत एक कुत्रं मारलं नाही त्यांनी. त्यांच्या हातातून चाक काढायचं म्हणजे त्यांना घरात बसवून मारायचं." धाकटी वहिनी दवाखान्यात परिचारिका आहे. तिने तपासणीचा आग्रह धरला. काकी गप्प होत्या. मग त्यांनी चाळीसगावची गोष्ट काढली. ही गोष्ट तात्याच विहारात मुलांना सांगत असत.

१९२९ साली सरकारी समितीच्या कामावरून परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. महारवाड्यातल्या मंडळींना त्यांना तांग्यातून न्यायचे होते. तांगेवाल्यांनी अस्पृश्याला बसवून तांगा हाकायला नकार दिला. साहेबांनी पायी यावे हे आपल्या माणसांना पटेना, तो त्यांचा अपमान झाला असता. म्हणून त्यांनी नुसता तांगा भाड्याने घेतला आणि ज्याला हाकण्याचा सराव नव्हता अशा आपल्यातल्याच एकाने लगाम धरला. नदीच्या पुलावर चाक दगडात अडकले, बाबासाहेब फेकले गेले, पायाचे हाड मोडले, घोडा आणि तांगा नदीत पडले. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. आपला मान राखण्यासाठी आपल्याच माणसांनी आपला जीव धोक्यात घातला, असे त्यांना वाटले. तांगेवाल्याच्या जातीच्या गर्वावरही त्यांनी लिहिलेच. पण ही दुसरी गोष्ट लिहायलाही ते विसरले नाहीत.

"तेव्हा साहेब वाचले," काकी म्हणाल्या. "आपल्या व्हॅनमध्ये नातवंडं असतात."

दादाने मान खाली घातली. त्या दिवसापासून तोच या कामात पुढे राहिला.

सरकारी रुग्णालयात दोन-तीन खेपा झाल्या. रक्तातले बी-बारा आणि थायरॉइड तपासले, कारण त्यांच्या कमतरतेनेही विसर पडतो आणि तो औषधाने भरून येऊ शकतो. मेंदूचा फोटो काढला. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा म्हटले, तेव्हा तात्यांनी सगळे आकडे एकाच बाजूला लिहिले. निदान झाले स्मृतिभ्रंशाचे. आपल्याकडे याला म्हातारचळ म्हणतात, कोणी भ्रमिष्ट म्हणतात. ते शब्द घरात वापरू नयेत. माणूस ऐकत असतो.

डॉक्टरांनी जे समजावले ते आम्हांला आधी उमगले नव्हते. गिअर टाकणे, क्लच सोडणे ही हातापायांत मुरलेली सवय असते. ती या आजारात बराच काळ टिकते. म्हणून मोकळ्या रस्त्यावर माणूस आधीसारखाच चालवतो आणि घरच्यांची फसगत होते. जाते ते वेगळेच. अचानक समोर मूल आले तर काय करायचे हे ठरवणे, एकाच वेळी आरसा, सिग्नल आणि पादचारी सांभाळणे, अंतराचा अंदाज घेणे. आणि सर्वांत वाईट म्हणजे आपल्यात काही कमी झाले आहे हेच त्या माणसाला कळत नाही. तो हट्ट करत नसतो, त्याला खरोखरच तसे वाटत नसते. म्हणून वाद घालून उपयोग नाही. हे ऐकल्यावर आमचे निम्मे भांडण संपले.

डॉक्टरांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले: गाडी चालवू नये. तात्यांनी घडी करून खिशात ठेवला. सरकारी कागदाचा मान त्यांना आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तसबिरींना हात जोडून त्यांनी खुंटीवरची किल्ली घेतली. कागद दाखवला की ठेवून देत, संध्याकाळी पुन्हा घेत. या आजारात दिवस मावळला की घालमेल वाढते. ड्युटीची वेळ झाली म्हणून ते दारात उभे राहत.

कोणी सुचवले, किल्ली लपवा आणि हरवली म्हणून सांगा. काकींनी मोडता घातला. "रोज पंचशील म्हणायचं आणि रोज नवऱ्याला खोटं सांगायचं?" खोट्याने त्या माणसाचा जीव शांत होत असेल तर काय वाईट, असेही आम्हांला वाटत होते. हा पेच ज्याने अशा माणसाची सेवा केली आहे त्यालाच कळेल. शेवटी दादाने व्हॅन खरोखरच गॅरेजात नेऊन ठेवली. तात्यांनी विचारले की आम्ही सांगत असू, "गॅरेजात आहे," आणि ते खरेच होते. दोन महिन्यांनी ती विकली. मग काकी सांगू लागल्या, "गाडी आता आपल्याकडे नाही. तुम्ही पुष्कळ चालवलीत." एखाद्या दिवशी तात्या रागावत, एक-दोनदा रडले. पण दारात उभी असलेली गाडी दिसायची थांबली, तशी महिना-दोन महिन्यांत ड्युटीची घालमेलही कमी झाली. खुंटी मात्र आम्ही काढली नाही. तिला आता घराच्या कुलपाची किल्ली असते आणि ती काढायचा मान तात्यांचा.

आपल्या समाजात रिक्षा, टेम्पो, टॅक्सी चालवणारे पुष्कळ आहेत, म्हणून कायद्याचे चार शब्द सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६ प्रमाणे आजारामुळे कोणी वाहन चालवण्यास अपात्र झाला आहे असे मानायला सबळ कारण असेल तर परवाना देणारे अधिकारी नवा वैद्यकीय दाखला मागू शकतात किंवा परवाना रद्द करू शकतात. घरचे समजावून थकले असतील तर डॉक्टरांच्या कागदासह आरटीओकडे अर्ज करता येतो. पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते आणि त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो. ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासता दाखला आणण्याची पद्धत आहे. ती आपल्याच माणसाच्या आणि रस्त्यावरच्या लेकराच्या मुळावर येते. परवाना वैध नसताना अपघात झाला तर विम्याचे भांडण वेगळेच. तात्यांचा परवाना २०२४ च्या जानेवारीत संपला. आम्ही तो नव्याने काढला नाही.

ज्या घराची चूल त्याच रिक्षेवर पेटते तिथे हे सगळे सांगायला सोपे आणि करायला कठीण आहे, हे आम्ही जाणतो. आमच्या शेजारच्या एका घरात मुलाने बॅज काढून बापाची रिक्षा हाती घेतली आणि बापाला संध्याकाळचा हिशेब मांडायला बसवले. हिशेब चुकतो. मुलगा रात्री पुन्हा मांडतो.

२०२३ च्या मार्चमध्ये आम्ही भाड्याची गाडी केली आणि तात्यांना मानाने पुढे, चालकाशेजारी बसवले. सुकेळी खिंडीच्या उतारावर त्यांचा हात आपसूक गिअरच्या दांड्यावर गेला. चालक सावध होता म्हणून निभावले. नागोठण्यापुढचा सगळा उतार आम्ही जीव मुठीत धरून उतरलो. अशा माणसाला मागच्या आसनावर, दोघांच्या मध्ये बसवावे, ही गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी.

२०२४ ला तात्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना एसटीने राज्यभर मोफत प्रवास दिला आहे, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. दादा म्हणाला, "तात्यांची गाडी असताना दुसऱ्याची कशाला?" चेंबूरच्या मैत्री पार्कला सकाळी सहाला उभे राहिलो. गाडी आली तेव्हा तात्यांनी आधी पुढचा टायर पायाने दाबला, मग आम्हांला मोजले. बारा माणसे होतो, त्यांनी तेरा मोजली. तेरावे आमचे कालकथित वडील. कोणी दुरुस्त केले नाही.

चालकाच्या मागची जागा मिळाली. वाहकाने शून्य रुपयांचे तिकीट हातात दिले तेव्हा तात्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिले आणि बिल्ल्याच्या जागी, खिशाला, टाचणीने लावले. दोन घंटा झाल्या, गाडी हलली. पेणपर्यंत ते चालकाच्या हातांकडे टक लावून पाहत होते. वडखळला त्यांना झोप लागली.

महाडला तळ्याच्या चारी बाजूंनी माणसेच माणसे. निळे झेंडे, पुस्तकांच्या दुकानांची रांग, समता सैनिक दलाची मुले गर्दी आवरत होती. वाटेत पिण्याच्या पाण्याची पिंपे मांडून ठेवलेली. तात्यांना क्रांतिस्तंभ ओळखू आला, तळेही ओळखू आले. पायऱ्यांपर्यंत दादाने आणि काकींनी धरून नेले. बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर त्रिसरण-पंचशील त्यांनी अडखळता पुरे म्हटले. नातवाचे नाव त्यांना त्या दिवशी आठवत नव्हते.

परतीच्या वेळी महाडच्या स्थानकात गाडी लागली. चालक तरुण होता, पंचविशीचा असेल. दादाने त्याला सांगितले की हे तुमच्याच खात्यातले आहेत, तेहतीस वर्षे केली. पोराने टोपी काढली, तात्यांच्या पाया पडला आणि "जयभीम, बाबा" म्हणाला. तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माणगावला वेळ जाईल," ते म्हणाले, "घाई करू नको." मग पायरी चढून आपल्या जागेवर जाऊन बसले.